शेवटचा बोल्ट मालकाने आवळायचा

दामूशेठच्या गॅरेजात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाडी खोलून परत बसवली की एखाद-दोन नटबोल्ट उरतातच. ते कुठले, कोणालाच सांगता येत नाही, गाडी तर मस्त चालत असते. मग ते डब्यात जातात. किश्श्यांचं तसंच असतं बघा. दर रविवारी सकाळी आम्ही शहाडला त्या गॅरेजात जमतो, चहा होतो, गप्पा होतात आणि निघताना काहीतरी उरतंच. दोन वर्षांत आमचाही डबा भरला. आज तो तुमच्यासमोर ओततो, हाताला येईल तसा.

आम्ही म्हणजे चौघं. दामूशेठ भोईर, उल्हास नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आपल्या बापाच्या जागेत शेड टाकून बसलेला मेकॅनिक. कुलकर्णी सर, डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, खिशात कायम मोजायची टेप. मी ठाकुर्लीचा. माजिवड्याला एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढतो आणि खिडकीतून फ्लायओव्हरवरच्या मोटारसायकली बघतो. दुसरं काम मी जास्त मन लावून करतो, असं साहेबांचं मत आहे. आणि चौथा विनायक, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याच गाडीभोवती हे सगळं घडलं.

*

विनायकची गाडी डोंगरात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या जातीची. पुढचं चाक एकवीस इंची, सीट इतकी उंच की चढताना आधी मनाची तयारी करावी लागते. फार खपली नाही म्हणून कंपनीने ती कधीच बंद केली. विनायक घेऊन मोकळा झाला होता.

घेतली तीही दसऱ्याला, मुहूर्तावर. शोरूममध्ये हार तयार, पेढे तयार, आणि विनायकचं पाकीट घरी! सेल्समन म्हणाला, ओळखपत्र लागेल. डोंबिवलीला जाऊन यायचं तर मुहूर्त टळणार. शेवटी सुलभावहिनींनी पर्समधून स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं. कॉलेजात असताना कधीतरी काढलेलं आणि नंतर वेळोवेळी रिन्यू केलेलं. त्यामुळे गाडी वहिनींच्या नावावर लागली.

"हिचं लायसन्स ओळखपत्रापुरतंच आहे," विनायक हसत म्हणाला होता. वहिनी रिक्षाशिवाय कशातच बसलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या. त्याही हसल्या आणि त्यांनी पेढा खाल्ला.

*

दहा वर्षं विनायकने ती गाडी अंगठ्यावर सांभाळली. म्हणजे सिग्नलला थांबला की एका पायाचा अंगठा टेकायचा, दुसरा हवेत. आणि दोन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या सिग्नलला त्याने डावा पाय खाली टाकला, तर नेमका तिथे रस्ता चार बोटं खचलेला. पायाला जमीन लागलीच नाही. गाडी हळूहळू कलली आणि विनायकला खाली घेऊन झोपली. खुब्याचं हाड मोडलं.

हवालदार धावत आला. "कोणी ठोकलं?"

"कोणी नाही. मी उभा होतो."

"उभे होतात, मग पडलात कसे?"

"उभा होतो म्हणूनच पडलो," विनायक म्हणाला. हे तो आडवा पडून, शांतपणे म्हणाला. मी स्कूटरवर मागेच होतो, म्हणून मला माहीत.

पुढे हाड जुळलं, काठी सुटली, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगीसुद्धा दिली. पण विनायक बसेना. रोज सकाळी पार्किंगमध्ये जायचा, कव्हर काढायचा, गाडी पुसायचा, परत कव्हर घालायचा. एकदा मला म्हणाला, "विकवत नाही रे, आणि बसवत पण नाही. पाय खाली टाकला आणि जमीन नसली तर?" मला रडू आलं. मी चहा सांगायला गेलो.

*

कल्पना सरांची. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात कुठेतरी एक माणूस असलीच उंच गाडी घेऊन शहरातल्या रस्त्यांवर वळणं घेत होता, पण चाकं लहान, रुंद, गुळगुळीत. इतका सहज वळत होता की आम्ही तीनदा बघितलं.

"याला सुपरमोटो म्हणतात," सर म्हणाले. "एकवीसच्या जागी सतरा इंची रिम घालायची, मागेही सतराच. रस्त्याचे टायर लावायचे. गाडी आपोआप खाली येते."

"किती?" विनायकने विचारलं. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द.

"सीटपाशी साधारण दीड इंच. फोम तासला तर आणखी एक."

"माझा रस्ता चार बोटं खचलेला."

सरांनी टेप काढली, स्वतःची चार बोटं जुळवली आणि मोजली. पावणेतीन इंच. "मागचा शॉकअप किंचित खाली घेऊ," ते म्हणाले. "बसेल हिशेबात."

विनायकने घरी विचारलं. वहिनींनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "करा. पण चालवताना चाळीसच्या वर नाही."

दामूशेठनेही त्याची अट सांगितली. "काम आमी करू. पन शेवटचा बोल्ट मालकाने आवलायचा." त्याचे वडील उल्हास नदीत चालणाऱ्या होड्या बांधायचे. होडीचा शेवटचा खिळा ते कधीच मारत नसत, मालकाच्या हातात हातोडी द्यायचे. दामूशेठने तीच रीत गाड्यांना लावली.

"का पण?" सरांनी विचारलं.

"बुडाली तर बोलाचाली नाय."

*

चाकं बांधायला कल्याणात दिली. तिथले चाकवाले काका स्पोकची एक एक तार नखाने छेडून कानाने लावतात. टण्ण वाजली तर बरोबर, बोदी वाजली तर परत पिळायची. सर दोन तास दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. निघताना त्यांचे डोळे ओले होते.

"काय झालं सर?"

"तीस वर्षं तारेची कंपनं फळ्यावर शिकवली रे," सर म्हणाले. "आज पहिल्यांदा ऐकली."

*

चाकं तिकडे गेली आणि गाडी इकडे लाकडी ठोकळ्यांवर राहिली. तो काळ मला सगळ्यात आवडतो. चाकं नसलेली गाडी, शेडबाहेर नदीवरून येणारा वारा, आणि आम्ही. कोणी सुरू केलं आठवत नाही, पण रीतच पडली. एकाने गाडीवर बसायचं, हँडल धरायचं, डोळे मिटायचे आणि चहा संपेपर्यंत कुठे चाललोय ते सांगत राहायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

सर लेहला गेले. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद किती कमी होते, तेही वाटेत सांगून गेले. मी माझ्या आजोळी जायचो, संगमेश्वरच्या पुढे. वाटेत ते आंब्याचं झाड होतं ना, जे आता रुंदीकरणात गेलं, ते मला दर रविवारी जाग्यावर उभं भेटायचं. मी त्याच्या सावलीत गाडी लावायचो आणि खरंच सांगतो, मानेला गार लागायचं. दामूशेठ मात्र नेहमी भिवंडीला जायचा.

"अरे, जगात कुठेही जाता येतं आणि तू भिवंडीला?"

"बहीन हाय तिकडं," तो डोळे न उघडता म्हणायचा. "गाड्या सोडून जायाला भेटत नाय."

एकदा एक गिऱ्हाईक स्कूटरचा ब्रेक दाखवायला आलं. सर गाडीवर होते, डोळे मिटलेले, डावीकडे बरेच कललेले, तोंडाने बारीक घुर्र. आम्ही दोघं हातात चहा घेऊन गंभीर उभे. गिऱ्हाईक घाबरलं.

"काय झालंय यांना?"

"घाटात हायत," दामूशेठ म्हणाला. "थांबा. उतरतील."

विनायक मात्र कधी बसला नाही. आम्ही दर वेळी म्हणायचो, चाकंच नाहीत, पडणार कुठे? तो मान हलवायचा. "डोळे मिटले की मला तो सिग्नल दिसतो," म्हणायचा. आम्ही मग आग्रह सोडला.

*

तो बसत नसल्यामुळे उंची मोजायची पंचाईत झाली. शेवटी पाय माझे वापरले. आम्ही दोघं सारख्याच उंचीचे, शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पुढेमागे असायचो. चाकं आली, बसवली. मी गाडीवर बसायचो आणि टाच आणि जमीन यांच्यात सर पेपरच्या घड्या सरकवायचे. पहिल्या रविवारी सोळा घड्या. फोम तासला, नऊ. शॉकअप खाली घेतला, दोन. चौथ्या रविवारी माझ्या दोन्ही टाचा पूर्ण टेकल्या आणि सरांच्या हातात पेपर तसाच राहिला. त्यांनी तो उघडून शब्दकोडं सोडवलं.

त्याच दिवशी वहिनी थालीपिठं घेऊन आल्या होत्या. आम्ही खात असताना त्या गाडीभोवती फिरल्या. सीटवर हात ठेवला, मग तो हात तसाच आडवा स्वतःच्या कमरेपर्यंत आणला.

"दामूशेठ, अजून अर्धा इंच खाली येईल?"

"वयनी, विनायकरावांचे पाय टेकले की."

"असू द्या. अर्धाच इंच."

बिचारीला किती काळजी नवऱ्याची, आम्हाला वाटलं. दामूशेठने फोम अजून तासला. सीट इतकी पातळ झाली की माझ्या माकडहाडाने तक्रार केली, पण माझे पाय उसने होते, मत कोण विचारणार.

*

आता आमची चूक सांगतो, कारण ती लपवली तर सर रागावतील. सरांनी सगळं मिलिमीटरपर्यंत काढलं होतं. फोर्कचा कोन, चेनची लांबी, चाकाचा घेर. कागदाचे नऊ ताव. मोजणीपुरती गाडी आम्ही हातांनी धरायचो; आता ठोकळे कायमचे काढले, दामूशेठने पहिल्यांदाच साइड स्टँड लावला, आम्ही दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे बघत राहिलो. बुटकी, रुंद, रागीट दिसत होती. फार सुंदर दिसत होती.

आणि गाडी उभी राहिली ती एकदम सरळ. जराही डावीकडे कललेली नाही. कारण गाडी खाली आली होती, पण साइड स्टँड जुन्याच उंचीचा होता. तो कापायचं नऊ तावांत कुठेच नव्हतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि गाडी हळूहळू, अगदी सावकाश, उजवीकडे आडवी झाली.

सर कागद चाळत होते. विनायक खाली बसला आणि इतका हसला, इतका हसला की खुबा धरावा लागला. दोन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"जाऊ द्या सर," तो डोळे पुसत म्हणाला. "मालकावर गेली आहे."

*

स्टँड कापला, उजवा आरसा बदलला आणि चाचणी ठरली. गाडीवर दामूशेठ, शेजारी स्कूटरवर मी. ठरलं असं की त्याच्या मीटरवर चाळीस झाले की त्याने हात वर करायचा. त्याने हात वर केला, मी माझं मीटर बघितलं, चौतीस. परत केलं, परत चौतीस.

"तुमची स्कूटर म्हातारी झाली," दामूशेठ म्हणाला.

सरांनी शेडमध्ये बसल्या बसल्या उलगडा केला. मीटर पुढच्या चाकाचे फेरे मोजतं. चाक लहान झालं, फेरे वाढले, मीटरला वाटतंय आपण जास्त वेगात आहोत. "दुरुस्त करता येईल," ते म्हणाले.

"राहू दे," विनायक घाईने म्हणाला. "चाळीस दिसतील आणि चौतीसच असतील, तर बरंच आहे की. मी कबूल केलंय चाळीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुलभाला मात्र सांगू नका."

आम्ही तिघांनी शपथ घेतल्यासारखे चेहरे केले. भित्र्या माणसाला मीटरनेच धीर दिला तर आपण कशाला मधे पडा.

*

चाचणी झाल्यावर दामूशेठने हँडलच्या क्लॅम्पचा एक बोल्ट काढला आणि बिस्किटांच्या डब्यात वर ठेवला. तो विनायकने आवळला की गाडी त्याची. त्याशिवाय शेडबाहेर नाही.

पहिल्या रविवारी विनायक म्हणाला, आज अमावस्या आहे. दुसऱ्या रविवारी ढग होते. तिसऱ्या रविवारी ढग नव्हते, पण सोसायटीची मीटिंग होती. चौथ्या रविवारी त्याने बोल्ट हातात घेतला, पुसला, उजेडात धरून आटे बघितले आणि परत डब्यात ठेवला. "छान बोल्ट आहे," म्हणाला. पाचव्या रविवारी तो आलाच नाही. मी फोन केला, तर म्हणाला, "तुम्ही बसा ना तिच्यावर. फिरवा. मला सांगा कशी चालते."

दामूशेठने फोनवरचं ऐकलं आणि डब्याचं झाकण लावलं. "होडी बांधून झाली, पन मालक पान्याला घाबरतो. मंग आमी काय करायचा?" त्या दिवशी चहाही कडूच झाला होता. मला आतून वाटलं, आता हे असंच राहणार. गाडी शेडमध्ये, विनायक घरी, आणि मधे चार बोटांचा खड्डा.

*

सहाव्या रविवारी सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली. विनायक उतरला, तोंड पडलेलं. मागून वहिनी उतरल्या. अंगात पंजाबी ड्रेस, पायात सपाट तळाचे बूट, दोन्ही हातांत एक एक हेल्मेट.

"दामूशेठ, बोल्ट कुठेय?"

दामूशेठने डबा पुढे केला, पण झाकणावर हात तसाच ठेवला. "वयनी, तुमाला म्हाईत हाय ना? मालकानेच आवलायचा."

"आरसी बुक बघा," वहिनी म्हणाल्या.

विनायकने दसऱ्याच्या मुहूर्ताची गोष्ट आठवून कपाळाला हात लावला. दामूशेठने थोडा विचार केला आणि पाना वहिनींच्या हातात दिला. त्यांनी बोल्ट आवळला. शेवटचा पीळ देताना ओठ मुडपले, पाना परत दिला. दामूशेठने नेहमीप्रमाणे हाताने तपासला आणि तो काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे सर्टिफिकेट असतं.

"बसा आता," त्या विनायकला म्हणाल्या.

"सुलभा, अगं—"

"मी मागे आहे. बसा."

विनायक बसला. डोळे सताड उघडे. त्याने आधी डावा पाय खाली टाकला, मग उजवा. मग मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. त्याने पाय उचलले, परत टेकवले. तीन-चारदा केलं. आम्ही तिघं श्वास रोखून त्या बुटांकडे बघत होतो. वहिनी मागे बसल्या, गाडी सुरू झाली, आणि दोघं नदीवरच्या पुलाच्या दिशेने अगदी सावकाश गेले.

आम्ही चहा सांगितला. तो संपला. दुसरा सांगितला. सर घड्याळ बघत होते, दामूशेठ रस्त्याकडे, मी दोघांकडे. पाऊण तास झाला. तिघांनाही चार बोटांचे खड्डे दिसत होते.

मग आवाज आला. सरांनी आधी ओळखला. गाडी वळणावरून आली, व्यवस्थित कलून, गिअर एक एक करून उतरवत, आणि शेडसमोर थांबली. दोन्ही टाचा एकदम जमिनीवर टेकल्या. टाचा वहिनींच्या होत्या.

विनायक मागे होता. हात मांडीवर, मान किंचित वर, चेहऱ्यावर ऊन. डोळे मिटलेले. गाडी थांबल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

मी त्याला हाक मारणार, तेवढ्यात दामूशेठने माझा दंड धरला. "हलवू नका," तो हळूच म्हणाला. "घाटात हायत."

वहिनींनी हेल्मेट काढलं, केस मागे सारले आणि मीटरच्या काचेवर नखाने दोनदा टकटक केली.

"दामूशेठ, हे एवढं बघून द्या. चाळीस दाखवतंय, पण चाळीस नाहीत." त्यांनी पुलाकडे वळून बघितलं. "चाळीसला वारा जास्त लागतो."